डॉक्टर, आधी हात लावून तपासा

पुण्यात आज कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात राहा, रक्त तपासणारी लॅब चार पावलांवर असते. सकाळी सातला घरी येऊन रक्त घेऊन जातात, संध्याकाळी सत्तर-ऐंशी आकड्यांचा रिपोर्ट मोबाईलवर येतो, त्यातले चार-पाच आकडे ठळक छापलेले असतात आणि घरात काळजी सुरू होते. सोनोग्राफी, सीटी, एमआरआयची सेंटरं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. हे सगळं हाताशी आहे याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे. माझ्या आधीच्या पिढीला जे महिनाभर समजत नसे ते मला दोन दिवसांत समजतं. पण या सगळ्याच्या आधी जे व्हायला हवं ते होताना दिसत नाही. पेशंटला टेबलावर झोपवायचं, कपडे पुरेसे बाजूला करायचे, नीट बघायचं, दाबायचं, ठोकून पाहायचं, नळी लावून ऐकायचं. "डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही हो" असं सांगत माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्या हातातली फाईल दोन बोटं जाड असते आणि तिच्यात कुणीतरी पोट दाबून पाहिल्याची एक ओळ सापडत नाही.

मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करते. माझं म्हणणं एवढंच आहे की हाताने केलेली तपासणी कालबाह्य झालेली नाही, ती बिलाबाहेर राहिली आहे. चाचणीला दर आहे, प्रोसिजरला दर आहे, अॅडमिशनला पॅकेज आहे. पोट नीट तपासायला लागलेल्या सात मिनिटांना दर नाही. ज्या गोष्टीतून कुणालाच पैसे मिळत नाहीत, तिची बाजू मांडायला कुणी पुढे येत नाही. म्हणून आता ती बाजू डॉक्टरांनी आणि पेशंटनी मिळून मांडायला हवी.

२०२५ चा जानेवारी आमच्या भागातली माणसं विसरणार नाहीत. किरकिटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला. जुलाब-उलट्या होऊन काही दिवस गेले की पायातली ताकद जायला लागायची. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तोवर न्यूरॉलॉजीच्या वॉर्डाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात ते भाजीवाल्यांच्या तोंडी आलं. संशय पाण्यावर होता. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. पेशंटचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही जण दगावले.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. आणि त्याचं निदान सुरुवातीच्या दिवसांत कुठलंच यंत्र खात्रीने करत नाही. मेंदूचा एमआरआय नॉर्मल येतो. पाठीतलं पाणी काढलं तर त्यातलं प्रोटीन पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांत वाढलेलं नसतं. नसांची वहनचाचणी अगदी लवकर केली तर तीही फसवू शकते. रक्ताच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये तर काहीच नसतं. त्या वेळी हाताशी राहते ती रबरी हातोडी.

पेशंटला टेबलाच्या कडेला बसवायचं, पाय मोकळे लोंबते ठेवायचे. गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने चाचपलं की एक जाड दोरी लागते, तिच्यावर हातोडी मनगटातून सैल सोडायची. मांडीचा स्नायू आखडतो, पाय पुढे उडतो. उडाला नाही तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी पुन्हा मारायचं. लाजलेला झटका या युक्तीने बाहेर येतो. मग घोटा, मग कोपर. चालायला लावायचं, टाचांवर आणि चवड्यांवर. जमिनीवर उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगायचं. एवढ्याला पाच मिनिटं लागतात.

त्या दिवसांत हातापायांना मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात रांग लागायची. बहुतेक माणसं घाबरलेली होती, आजारी नव्हती. आयटीतली तरुण मुलं रात्रभर मोबाईलवर लक्षणं वाचून यायची. त्यांचा गुडघा व्यवस्थित उडायचा, उठबस नीट असायची. कशावर लक्ष ठेवायचं ते समजावून मी घरी पाठवायचे. त्यातच तिशीतली एक बाई आली. मुंग्यांसाठी तिला दुसरीकडे बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिलेली होती. तिच्या बोलण्यात एक वाक्य येऊन गेलं, की जिना चढताना कठडा धरावा लागतोय. गुडघा उडाला नाही. घोटाही नाही. बोटं ओढायला लावली तरी नाही. मी तिला खोल श्वास घेऊन एका दमात आकडे म्हणायला सांगितले. चांगला धडधाकट माणूस तीसच्या पुढे सहज जातो. ती अठराला थांबली. झोपवून उशीवरून मान उचलायला सांगितली तर मान थरथरली, आणि मान उचलणाऱ्या नसा जिथून निघतात त्याच्या शेजारूनच श्वासपटलाची नस निघते. म्हणजे आता पाळी श्वासाची होती. रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. व्हेंटिलेटर असलेल्या आयसीयूत तिला त्याच तासात पोचवणं एवढंच काम होतं. चाचण्या तिथे झाल्या आणि होणं आवश्यकही होतं. पण ती तिथे पोचली ती हातोडीमुळे आणि अठरा आकड्यांमुळे.

हे सांगितलं की काही सहकारी म्हणतात, जीबीएस अपवाद आहे. मला तसं वाटत नाही. माझ्या रोजच्या कामातली तीन उदाहरणं देते.

पुणं दुचाकीचं शहर आहे. पावसाळ्यात रोज कुणीतरी घसरतं, घोटा सुजतो, एक्सरे निघतो. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी घोट्यासाठी साधे नियम मांडले: दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबलं तर दुखतं का, पावलाच्या दोन ठरावीक हाडांवर दुखतं का, आणि चार पावलं टाकणंही जमत नाही का. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता जवळजवळ नसते. वेगवेगळ्या देशांत हे नियम पुन्हा पुन्हा तपासले गेले आणि एक्सरेंची संख्या तीसेक टक्क्यांनी कमी झाली. अंगठ्याने दाबण्याला इतका भक्कम पुरावा असताना आपण अजून सुजेचा फोटो बघून एक्सरे लिहितो.

दुसरं चक्कर. कूस बदलली की खोली फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते, असं सांगणारा पेशंट एमआरआय, मानेचा एक्सरे आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर करून येतो, आणि वर मणक्याचं निदान घेऊन येतो. त्याला टेबलावर बसवून मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं की डोळ्यांची बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरतात. कानातले बारीक खडे जागचे सुटले आहेत, हे तिथेच कळतं. पाठोपाठ डोकं ठरावीक क्रमाने वळवलं की बऱ्याच जणांची चक्कर त्याच बैठकीत थांबते. आणि तासन्‌तास सतत चालू असलेली, उलट्यांसकट येणारी चक्कर ही जरा धास्तीची गोष्ट, कारण ती मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकचीही असू शकते. २००९ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात डोळ्यांच्या हालचालींच्या तीन खाटेशेजारच्या चाचण्या सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही सरस ठरल्या. अर्थात त्या करणारे हात तयार होते. ही अट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं आहे, कारण ते रोज दाराशी उभं असतं. देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीने सांगितलं. पुण्यातला शिकलेला मधुमेही तीन महिन्यांची साखर नेमाने करतो, आकडा तोंडपाठ असतो. निवृत्त बँक अधिकारी असलेले एक काका असेच आले, फाईलमध्ये सहा वर्षांचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. मी म्हटलं, "काका, बूट-मोजे काढता का?" ते म्हणाले, "अहो, शुगर तर कंट्रोलमध्ये आहे, पायाचं काय?" उजवा मोजा अंगठ्यापाशी चिकटला होता. सलाईनचं पाणी टाकून तो सोडवला तर अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या, मध्ये काळपट. नव्या बुटाची शिवण आतून घासत होती आणि त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. मी नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला, डोळे मिटायला सांगून "लागलं की सांगा" म्हटलं. ते शांत बसून राहिले. दहा ठिकाणी टेकवलं, दोन ठिकाणी कळलं. त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. सहा वर्षांत कुणी त्यांचे पाय पाहिलेच नव्हते. या चाचणीला लागणारा तंतू काही शे रुपयांत मिळतो. पाय कापावा लागला तर खर्च काय येतो ते कुठल्याही सर्जनला विचारा.

आता मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. "आमच्या वेळी प्रोफेसर नाडीवर बोट ठेवून निदान करायचे" या आठवणींचा मला कंटाळा आला आहे. त्या प्रोफेसरांची किती निदानं चुकली याची नोंद कुणी ठेवली नव्हती. तपासणीच्या पुष्कळ पारंपरिक खुणा काट्यावर तोलल्या तेव्हा हलक्या निघाल्या. न्यूमोनिया आहे की नाही हे नुसत्या नळीने ठरवायला बसलेल्या दोन डॉक्टरांचं बऱ्याचदा एकमत होत नाही. अपेंडिक्सच्या संशयात सोनोग्राफी आणि सीटी आल्यापासून विनाकारण उघडली जाणारी पोटं कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. क्षयरोगाचं तर स्पष्टच आहे: २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या पेशंटपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्सरेमुळे सापडले, लक्षणं विचारून सापडले नसते. तिथे मी नळीचा अभिमान धरून बसले तर ते पेशंटचं नुकसान आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसाची वर्षाकाठी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी केल्याने आयुष्य वाढतं याचाही पुरावा नाही. सर्वसाधारण हेल्थ चेकअपवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकत्रित आढावा घेतला तेव्हा मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. हाच आढावा सत्तर आकड्यांच्या पॅकेजलाही लागू होतो, हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही.

तेव्हा माझा आग्रह सगळ्या तपासणीचा नाही. ज्या तक्रारीसाठी माणूस आला आहे, त्या तक्रारीला उत्तर देऊ शकेल अशी तपासणी चाचणीच्या आधी झाली पाहिजे. कारण चाचणी कुठली करायची हे तिच्यावरून ठरतं. मागे काही कारण नसताना केलेली चाचणी भलतंच काहीतरी घेऊन येते: थायरॉइडमधली निरुपद्रवी गाठ, लिव्हरवरचा ठिपका, किंचित वाढलेला एखादा मार्कर. मग त्या ठिपक्याची चौकशी सुरू होते आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते.

१९७५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हॅम्पटन आणि सहकाऱ्यांचा छोटासा अभ्यास आला होता. ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान केवळ त्यांची हकीकत ऐकून जमलं होतं. तपासणीने ७ जणांत भर घातली, चाचण्यांनी ७ जणांत. तपासणीचा कैवार घेणारे हा आकडा सांगायचं टाळतात, कारण त्यात तपासणीचा वाटा लहान दिसतो. मला तो लहान वाटत नाही. एक तर तो चाचण्यांइतकाच आहे आणि जवळपास फुकट आहे. दुसरं म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात हकीकत आणि तपासणी वेगळ्या काढता येत नाहीत. पोटावर हात ठेवल्यावर मी जो प्रश्न विचारते तो खुर्चीत बसून सुचलेला नसतो. आणि माणसंसुद्धा टेबलावर आडवी झाल्यावर बोलतात. "तसं एक सांगायचं राहिलं" हे वाक्य मी खुर्चीपाशी क्वचित ऐकलं आहे. संडासातून रक्त जातंय, दारू वाढली आहे, सुनेशी पटत नाही म्हणून दोन वेळचं जेवण एका वेळेवर आलं आहे, हे सगळं त्या टेबलावर बाहेर येतं.

या मातीतलंच एक मोठं उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुलं मरत होती. तिथे मोठी प्रयोगशाळा नव्हती. ते पेशंटच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसले. घाम कधी फुटतो, उलटी कधी होते, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो, फुप्फुसात पाणी कधी भरतं, हे क्रमाने टिपत गेले. त्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट'ने छापल्या. पुढे प्राझोसिन या गोळीने मृत्यूचं प्रमाण कुठच्या कुठे खाली आलं. हात, डोळे, बीपीचं यंत्र आणि वही एवढ्यावर हे उभं राहिलं. पुण्याच्या बीजे मेडिकलमधून एमडी झालेल्या या डॉक्टरांनीच पुढे चाचण्यांमागच्या कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनविरुद्ध, उघड तक्रार केली. मला या दोन गोष्टींचा संबंध अगदी सरळ वाटतो.

कारण पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माझी फी दोनशे-तीनशे रुपये. त्यात मी पेशंटला वीस मिनिटं दिली तर दवाखान्याचं भाडं निघत नाही. तीन मिनिटं दिली आणि चाचण्या लिहिल्या तर फी तेवढीच, वर पेशंटला वाटतं की डॉक्टरनी काही ठेवलं नाही, सगळं तपासलं. त्यात लॅबकडून मागच्या दाराने काही येत असेल तर बोलायलाच नको. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला होता. तो मसुदाच राहिला. मेडिक्लेम बहुतेकांना अॅडमिट झाल्यावरच उपयोगी पडतो. ओपीडीतल्या वेळेचे पैसे त्यात नाहीत. ६७ देशांमधल्या अभ्यासांची एकत्र मांडणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वीडनचा डॉक्टर पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देत होता, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत बुटाची नाडीही सुटत नाही. हातोडी न उचलणारा प्रत्येक डॉक्टर आळशी आहे असं मी म्हणत नाही. आपण त्याला वेळ विकत घेऊन दिलेलाच नाही.

आणि हात तयार नाहीत. ही ती मघाची अट. एमबीबीएसच्या चौथ्या वर्षात मुलं वॉर्डात उभी असतात, पण लक्ष नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेवर असतं. ती परीक्षा दोनशे पर्यायी प्रश्नांची. तिच्यात प्लीहा वाढल्याची कारणं विचारतात. बरगडीखाली बोटं सरकवून, पेशंटच्या श्वासाशी जुळवून घेऊन, प्लीहेची कड बोटांना लागते का हे कुणी विचारत नाही. इंटर्नशिपचं वर्ष तर सरळ क्लासच्या वेळापत्रकात गेलं आहे. या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ती हुशार आहेत आणि ज्याला गुण आहेत ते करतात. १९९७ साली अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे आवाज ऐकवले तेव्हा त्यांना पाचातला एकच ओळखता आला होता, म्हणजे हा आजार केवळ आपला नाही. पण तिथे इको मशीन, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दारात असतं. आपली मुलं सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर वेल्ह्याला किंवा नंदुरबारला जातात. तिथे इको नसतो.

बायकांच्या तपासणीबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त न झालेली तपासणी त्यांचीच आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि याआधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या बायका १०० तल्या ८ सुद्धा नव्हत्या. पुण्यातली परिस्थिती गडचिरोलीसारखी नाही हे खरं. तरी माझ्याकडे पन्नाशीच्या, पदवीधर, नोकरी केलेल्या बायका येतात ज्यांचे स्तन कुठल्याही डॉक्टरने कधी तपासलेले नाहीत. पुरुष डॉक्टरला संकोच वाटतो, बाईला लाज वाटते, दोघंही सोनोग्राफीवर समाधान मानतात. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्सरे, नव्हती. कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण डॉक्टरही नसलेल्या, नीट शिकवलेल्या बायकांच्या हातांनी एवढं साधलं, याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

फक्त ती तपासणी बाईला सुसह्य व्हायला हवी. रने लायनेकने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, कारण थेट कान टेकवणं त्याला अयोग्य वाटलं. स्टेथोस्कोपचा जन्म त्या संकोचातून झाला. आपल्याकडे मात्र दोनशे वर्षांनी अजून कितीतरी दवाखान्यांत टेबलाला पडदा नसतो, दार अर्धं उघडं असतं, बाहेरची रांग आत डोकावत असते. काय करणार आहोत ते आधी सांगणं, परवानगी विचारणं, पुरुष डॉक्टर असेल तर खोलीत एक बाई असणं, तपासून होताच अंग झाकणं, हे कौशल्याइतकंच महत्त्वाचं आहे. तपासणीच्या नावाखाली गैरवागणूक झालेल्या बायकाही मला भेटल्या आहेत. त्यांना "डॉक्टरवर विश्वास ठेवा" असं मी सांगू शकत नाही. पडदा, सोबतीण आणि परवानगी यांची सक्ती करा, एवढंच सांगू शकते.

व्हिडिओ कॉलवरच्या सल्ल्यालाही माझा विरोध नाही. गोळ्या चालू ठेवायच्या का, रिपोर्ट काय म्हणतो, यासाठी मुंढव्याहून दोन तास ट्रॅफिकमध्ये कुणी का यावं? पण केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमावलीतच लिहिलं आहे की प्रत्यक्ष तपासणी निर्णायक असेल तर ती होईपर्यंत डॉक्टरने पुढे जाऊ नये. नवीन पोटदुखी, नवीन अशक्तपणा, छातीत दुखणं, लहान मुलाचा वाढलेला श्वास, हे फोनवर हाताळायचे विषय नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मते सुरुवात फीपासून व्हावी. दवाखान्यात दोन वेगवेगळ्या फी उघड लावाव्यात, छोट्या भेटीची एक आणि पूर्ण तपासणीची दुसरी, आणि दुसरीत काय काय केलं ते पेशंटच्या कागदावर लिहून द्यावं: नाडी, दोन्ही हातांतला रक्तदाब, उभं राहिल्यावरचा रक्तदाब, पाय, हातोडीने पाहिलेले झटके. जे लिहावं लागतं ते करावं लागतं. मी दोन वर्षांपासून हे करते आहे. पेशंट दुसरी फी देताना कुरकुरतील असं मला वाटलं होतं, तसं फारसं झालं नाही. अनावश्यक चाचण्यांचे पैसे वाचतात हे पुणेकराला सांगावं लागत नाही. ओपीडी कव्हर देणाऱ्या विमा कंपन्यांनीही चाचणीइतकेच पैसे तपासणीच्या वेळेला द्यावेत. महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहाच्या पेशंटचे पाय पाहण्याचं काम नर्सकडे द्यावं. तंतू आणि पायाला कंप जाणवतो का ते पाहायचा ट्यूनिंग फोर्क एवढंच सामान लागतं, आणि टाटाच्या अभ्यासाने दाखवून दिलं आहे की हे काम डॉक्टरनेच केलं पाहिजे असं नाही.

परीक्षा बदलल्याशिवाय शिक्षण बदलणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एमबीबीएसनंतरची एक्झिट टेस्ट आहे, ती अजून पुढेच ढकलली जाते आहे. ती येईल तेव्हा तिच्यात खरा पेशंट, खरी खाट आणि समोर बसून बघणारा परीक्षक असलाच पाहिजे, आणि त्या भागात नापास झालेल्याला लेखी गुणांनी तारून नेता कामा नये.

आणि पेशंटनी मागावं. कागदावर पाच चाचण्या लिहून झाल्या की शांतपणे म्हणावं, "डॉक्टर, आधी एकदा तपासता का?" यात उर्मटपणा नाही. माझ्याकडे येणाऱ्या आजीआजोबांना मी हे शिकवते, आणि जाताना तीन गोष्टी सांगते: चेन सहज उघडणारे, बाही वर जाणारे कपडे घालून या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आणि मधुमेह असेल तर डॉक्टर म्हणोत न म्हणोत, खुर्चीत बसल्या बसल्या मोजे काढा.